हिंदमाताचं पाणी वाचनालयात शिरलं, खालचे दोन कप्पे भिजले. उद्या रद्दीवाला येतोय

परळ_वाचनालय (मंगळवार, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून घाईत लिहितोय.

आमचं वाचनालय परळला, हिंदमाताजवळच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर आहे. आज दुपारी भरती आणि पाऊस एकदमच आले आणि गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाणी आत शिरलं. सातच्या सुमाराला ओसरलं. लाकडी कपाटांचे खालचे दोन्ही कप्पे पूर्ण बुडाले होते. त्यात बहुतेक कादंबऱ्या आहेत, जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत (रंगीत चित्रांची पानं गुळगुळीत आर्टपेपरवर), आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुनं दाखल रजिस्टर (आलेल्या पुस्तकांच्या नोंदीचं) आणि सभासदांची वही. दोन्ही शाईनं लिहिलेली. त्या वहीत गिरणीत काम करणाऱ्या लोकांच्या सह्या आहेत, काहींचे अंगठे आहेत. ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

पुस्तकं अशी फुगलीत की कप्प्यातून निघत नाहीत. चाळीतली पोरं मदतीला आली आहेत. एक म्हणतो गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घालू, दुसऱ्याचं म्हणणं इस्त्री फिरवू. आमच्या कमिटीतल्या एकानं तर रद्दीवाल्यालाच फोन केला, तो उद्या दहाला येतोय. मला ही पुस्तकं द्यायची नाहीत. कुणाला खरोखर माहिती असेल तर आत्ता सांगा, आम्ही रात्रभर जागायला तयार आहोत.

बदलापूर_फास्ट (रात्री ११.०५)

आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा. ओल्या भिंतीतल्या प्लगवर पंखा लावू नका, वायरमनला दाखवूनच लाइट चालू करा. आणि जे जे पाण्यात उतरले त्यांनी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) गोळी विचारा, महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. पायाला जखम असेल तर उद्याच जा.

जुजबंदी (रात्री ११.२०)

दादा, रद्दीवाल्याला आत्ताच फोन करून येऊ नको म्हणून सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

मी कागदाच्या जतनाचं काम करते, दक्षिण मुंबईत. जुनी कागदपत्रं, पोथ्या, बांधीव ग्रंथ रोज हाताखालून जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर उपनगरातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी मदतीला गेले होते. भिजलेली पुस्तकं तिथे बंद खोलीत ढीग करून ठेवली होती, पंचनामा व्हायचा होता म्हणून. पंचनामा होईपर्यंत वरच्या थरावर हिरवी-काळी बुरशी आली होती आणि खालचा थर एकमेकांना चिकटून विटेसारखा झाला होता. पाण्याने त्यातली फार थोडी पुस्तकं गेली असती. बाकीची वाट बघण्यात गेली. म्हणून सांगते, ओल्या पुस्तकाला आपल्या हवेत साधारण दोन दिवस मिळतात, फार तर तीन. त्यानंतर बुरशी धरते.

आता गच्चीवरच्या दोऱ्यांचं. जुलैत ऊन नाही, आणि असतं तरी नको. कडक उन्हात पुठ्ठा लवकर आकसतो, आतला कागद ओला राहतो, आणि पुस्तक कायमचं पिळवटतं. भिजलेलं पुस्तक दोरीवर मधून टांगलं की स्वतःच्याच वजनाने शिवणीतून फाटतं. इस्त्री तर नकोच. चिखलाचा डाग उष्णतेने कागदात पक्का बसतो.

खिडक्यांबद्दल सगळे सांगतील, हवा खेळती ठेवा. पुण्यात एप्रिलमध्ये ठीक आहे. मुंबईत जुलैत बाहेरची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, बुरशीला ६५-७०च्या वर गेलं की पुरतं. खिडकी उघडली म्हणजे तुम्ही ओल आत घेताय. खोली बंद करायची, एसी लावायचा (ड्राय मोड असेल तर तो), शक्य असेल तर डिह्युमिडिफायर भाड्याने आणायचा, आणि पंखे भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून ठेवायचे. वारा पानांवर थेट आला तर ती फडफडून वाकडीतिकडी वाळतात. ज्याने पुस्तक वाळतं ती कोरडी, हलती हवा, गरम हवा नव्हे. साधा डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो खोलीत ठेवा आणि आकडा ६०च्या खाली राहतोय का बघत जा.

कप्प्यातून काढताना वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, पाठ फाटून हातात येते. एकदम गच्च बसली असतील तर कपाटाची बाजूची फळी काढा. फळी परत बसवता येते. काढलेलं पुस्तक उघडून बघायचा मोह टाळा, बंदच राहू द्या.

गटाराचं पाणी होतं म्हणजे चिखल असणार. तीन टब ओळीने मांडा, स्वच्छ पाण्याचे. पुस्तक घट्ट बंद धरून पहिल्या टबात बुडवा, बाहेरून स्पंजने हलक्या हाताने चिखल सोडवा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. घासायचं नाही. साबण, ब्लीच, डेटॉल काही नको. हातमोजे आणि मास्क घाला. छापील पुस्तकाला हे चालतं, कारण छपाईची शाई तेलकट असते, पाण्याने पसरत नाही. जुन्या शिळाप्रेसच्या (दगडावरून छापलेल्या) पुस्तकांचंही तेच. शाईने लिहिलेल्या वह्या, रजिस्टरं, फोटो लावलेलं काहीही, चामड्याची बांधणी या टबांच्या जवळपासही न्यायची नाही. चिखल वाळून घट्ट झाला असेल तर तसाच राहू दे, कोरडा झाल्यावर ब्रशने निघेल.

आता खरी गोष्ट. तुमच्याकडे तीन-चार कपाटांचा माल असेल तर एका खोलीत, चार पंख्यांवर, दोन दिवसांत तो वाळणार नाही. ही अपेक्षाच ठेवू नका. जेवढं वाळवणं हातात आहे तेवढंच बाहेर ठेवा आणि बाकीचं गोठवा. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, पानं चिकटत नाहीत. पुस्तक वाळत नाही, पण जिथे आहे तिथे थांबतं, आणि तुम्हाला सवड मिळते. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला १९८६ मध्ये आग लागली तेव्हा सुमारे सात लाख पुस्तकं पाण्याने आणि धुराने खराब झाली. ती तिथल्या खाद्यपदार्थांच्या शीतगृहांत ठेवली आणि मग सावकाश वाळवली. प्राग २००२च्या पुरात सापडलं तेव्हा पुस्तकं मोचोवच्या भाजीपाला गोठवणाऱ्या कारखान्यात गेली. आपल्याकडे शीतगृहांची वानवा नाही. आइस्क्रीमवाल्याचा रिकामा डीप फ्रीजर, वाशीच्या बाजाराकडची कोल्ड स्टोरेज, कुणीही ओळखीचा असेल तर आत्ताच फोन करा. उणे १८ अंश मिळाले तरी काम होतं. फक्त एक, गटाराच्या पाण्यातली पुस्तकं खाण्याच्या वस्तूंबरोबर ठेवायची नाहीत. फ्रीजर पूर्ण रिकामा हवा.

प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळा, नाहीतर पुठ्ठे एकमेकांना चिकटतात. मग प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पाठ खाली करून, एकाच थरात, सैल. क्रेटवर चिठ्ठी, कुठल्या कपाटाचा कुठला कप्पा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा.

परळ_वाचनालय (रात्री ११.५५)

ताई, खूप खूप आभार. रद्दीवाल्याला नको सांगितलं. कमिटीचे सदस्यही इथेच आहेत, तुमचं उत्तर वाचून तेच टब घेऊन आले.

वाचनालयात एसी नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी त्यांची एसीची खोली रिकामी करून दिली आहे. लालबागला आमच्या सभासदाचा आइस्क्रीमचा गाळा आहे, पावसाळ्यात एक फ्रीजर बंदच असतो, तो पहाटे टेम्पोने येतोय.

दोन प्रश्न उरले. आर्टपेपरच्या चित्रांचं काय? आणि सभासदांची वही? तिच्या कडेला निळसर पाणी दिसतंय.

जुजबंदी (बुधवार, रात्री १२.१५)

वहीपासून सुरू करते, कारण तिच्यासाठी वेळ सगळ्यात कमी आहे.

निळं पाणी म्हणजे फाउंटन पेनची धुऊन जाणारी शाई सुटतेय. काळसर-निळी शाई बरीच टिकते, जांभळी कॉपिंग पेन्सिल (ओली झाली की शाईसारखी उमटणारी) मात्र पाण्याबरोबर भराभर पसरते. वही टेबलावर आडवी ठेवा, पाणी निथळू दे, खाली टीपकागद. दाबू नका, पानं चाळू नका. बंदच बटर पेपरमध्ये गुंडाळा, पिशवीत घाला आणि फ्रीजर पोचला की पहिला मान तिला द्या. दाखल रजिस्टरही तिच्याबरोबर. टेम्पोला उशीर होणार असेल तर तोवर कुणाच्या तरी घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा करा, दोन पिशव्यांत बांधून ठेवा, नंतर तो कप्पा नीट धुऊन घ्या. ही वही वितळवून उघडण्याचं काम घरी करू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. एशियाटिक सोसायटीलाही जुने ग्रंथ जपण्याचा अनुभव आहे. गोठलेली असेल तर विचारायला तुमच्याकडे महिनेही आहेत.

आर्टपेपर. त्याचा गुळगुळीतपणा म्हणजे कागदावर चढवलेला चिनीमातीसारखा थर. भिजला की तो मऊ होतो आणि वाळताना समोरच्या पानाच्या थराशी एकजीव होतो. एकदा वाळून चिकटला की चित्रासकट फाटतो, मग तो सोडवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे हे अंक ओले असतानाच हाताळायचे किंवा ओलेच गोठवायचे. अर्धवट वाळू द्यायचे नाहीत. गोठवलेले बाहेर काढाल तेव्हाही वितळताक्षणी पानांमध्ये बटर पेपर गेला पाहिजे, नाहीतर तेव्हा चिकटतील.

ओलं चित्राचं पान बोटाने उचलू नका, कोपरा हातात येईल. स्टेशनरीच्या दुकानात ओएचपीच्या पारदर्शक शीट मिळतात. एक शीट पानावर ठेवा, तळहाताने मधून कडेकडे हलकेच फिरवा म्हणजे खालची हवा जाईल. ओलं पान त्या शीटला आपोआप धरतं. मग शीटचा कोपरा उचला, अगदी हळू, पान तिच्याबरोबर सुटून येतं. खाली बटर पेपर सरकवा, पान परत टेकवा, शीट पलीकडच्या कडेने सोलत काढा. पुढचं पान. एका माणसाने धरायचं, दुसऱ्याने बटर पेपर द्यायचा. फक्त आर्टपेपरच्या पानांनाच हे करा, साध्या पानांना इतका वेळ घालवू नका.

जे आजच वाळवायला घ्याल ते आधी खालच्या कडेवर उभं करा, पानं किंचित विलग, टॉवेलवर. पाणी निथळलं आणि पानं उघडण्याइतकी बळकट वाटली की वीस-पंचवीस पानांमागे एक कोरा टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट. कालचा पेपर नको, त्याची शाई उतरते. अब्दुल रहमान स्ट्रीटला कोरा कागद रिमाने मिळेल. कागद फार कोंबले तर पाठ फाटते, पुस्तकाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. दर काही तासांनी बदला. भिजलेला टीपकागद आत राहिला तर नुसतं ओझं.

खळ_आणि_दोरा (बुधवार, सकाळी ६.३०)

मी लालबागला बाइंडिंग करतो, वडिलांपासूनचा धंदा आहे. ताईंचं सगळं बरोबर. माझ्याकडून थोडं.

वाचनालयाची कापडी बांधणी असेल तर पुठ्ठ्याचा लोभ धरू नका. पुठ्ठा पाणी धरून बसतो आणि त्यातली पिठाची खळ म्हणजे बुरशीला पंगत. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे ते यासाठीच. साधी कादंबरी असेल तर पुठ्ठा ब्लेडने सांध्यात कापून वेगळा करा, आतली शिवलेली जुजं (पानांच्या घड्या) तेवढी ठेवा, निम्म्या वेळात वाळतात. नवा पुठ्ठा मी चढवून देईन, वाचनालयाला मजुरी लावणार नाही, कापडाचे तेवढे द्या. पण दोरा कापू नका. दोरा शाबूत असेल तर पुस्तक शाबूत आहे. आणि मुखपृष्ठावर दाखल क्रमांकाची चिठ्ठी असते ती आधी टिपून घ्या.

मासिकांना तारेचे टाके असतात. ते गंजून पानांना भोकं पाडतात. वाळल्यावर पाठीमागून टोकं सरळ करून काढा, ओढून नाही.

बुरशीसाठी आमच्याकडे पूर्वी ओव्याचं फूल वापरायचे. बंद पेटीत खाली बशीत फूल, त्याखाली ४० वॉटचा बल्ब, वर जाळीवर पुस्तकं. ते करावं का?

जुजबंदी (सकाळी ८.१०)

दादा, मजुरीचं वाचून खरंच बरं वाटलं. पुठ्ठ्याबद्दल पूर्ण सहमत, फक्त जुनी चामड्याची किंवा प्रकाशकाची मूळ बांधणी असेल तर कापू नका, ते पुस्तक बाजूला काढून ठेवा.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. आपल्या ग्रंथालयांत खूप वर्षं वापरलं गेलं. वाफेने बुरशी मरते, पण पुस्तक दमट जागी परत ठेवलं की नवी येते, म्हणजे मुळातली ओल तशीच. शिवाय ती वाफ फुफ्फुसांना चांगली नाही, काही शाया आणि रोगण मऊ करते. मुलं येतात त्या जागी मी वापरणार नाही. डांबरगोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला हे कसर आणि किड्यांसाठी, बुरशीला त्यांचा धाक नाही. ओला पाला तर आणखी ओल आणतो.

निवृत्त_ग्रंथपाल (सकाळी ९.००)

थोडं कडू बोलतो. सगळं वाचवायला जाल तर सगळं जाईल. ज्या कादंबरीच्या नव्या आवृत्त्या आजही दुकानात मिळतात ती सरळ बाजूला ठेवा. फ्रीजरची जागा, बटर पेपर आणि पोरांचे हात हे सभासद वही, दाखल रजिस्टर, मासिकांचे खंड आणि दिवाळी अंकांसाठी राखा. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचं किती तरी लेखन पुस्तकरूपात आलंच नाही, ते फक्त अशा गठ्ठ्यांत आहे. त्यामुळे छोट्या वाचनालयातला फाटका खंडही कुणाच्या तरी अभ्यासाचा एकमेव आधार असू शकतो.

आणि रद्द करायची पुस्तकंसुद्धा आज टाकू नका. फोटो काढा, दाखल क्रमांकासह यादी करा, कमिटीचा ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. निर्लेखन (पुस्तक नोंदीतून कमी करणं) कागदावर झाल्याशिवाय पुस्तक बाहेर गेलं तर पुढच्या तपासणीत तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. पण पंचनाम्यासाठी ओली पुस्तकं अडकवून ठेवू नका, फोटो पुरेसे असतात.

परळ_वाचनालय (पुढच्या आठवड्यात, रविवार)

मंडळी, कळवायला उशीर झाला. सभासद वही आणि रजिस्टर फ्रीजरमध्ये आहेत, शाई आणखी पसरलेली दिसत नाही. दिवाळी अंकांचे बहुतेक गठ्ठे पानं वेगळी करून बटर पेपरसकट गोठवले. ओएचपी शीटची युक्ती पोरींना इतकी जमली की त्या मला हात लावू देत नव्हत्या. एका अंकातली चार चित्रं मात्र आधीच चिकटली होती, ती तशीच ठेवली आहेत.

काकूंच्या खोलीतल्या पुस्तकांपैकी काही हाताला कोरडी लागतात. ती कपाटात लावू का? आणि दोन पुस्तकांच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसताहेत.

जुजबंदी (रविवार, संध्याकाळी)

लावू नका अजून. हाताला कोरडं लागतं ते वरून. पुस्तक मधे उघडून पाठीजवळचा भाग गालाला लावा, गार लागलं तर आत ओल आहे. त्याहून चांगलं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवा. सलग काही दिवस वजन घटलं नाही की वाळलं. मग दोन फळ्यांमध्ये वजन ठेवून दाबा, नाहीतर पानं लाटांसारखी राहतील. ओलं असताना दाबू नका.

ठिपक्यांची पुस्तकं आजच इतरांपासून वेगळी करा, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये. ओल्या बुरशीला फडकं लावू नका, ती कागदात घुसते आणि डाग पडतो. पुढे पूर्ण वाळून ती पावडरसारखी झाली की एन-९५ मास्क घालून, खोलीबाहेर, मऊ ब्रशने पाठीकडून कडेकडे झाडा. दमा असलेल्या कुणालाही हे काम देऊ नका.

चिकटलेली चार चित्रं ओढू नका, तो अंक तसाच बांधून ठेवा. वस्तुसंग्रहालयात वहीबद्दल बोलाल तेव्हा तो अंकही दाखवा.

कपाटं? लाकूड पुस्तकांपेक्षा हळू वाळतं. गणपतीपर्यंत तरी खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवा, मागची फळी भिंतीपासून वीतभर सोडा. आणि पुस्तकं परत लावताना खालचा कप्पा कायमचा सोडून द्या. तिथे जुन्या खुर्च्या ठेवा, बॅनर ठेवा, पण वही आणि रजिस्टर सगळ्यात वरच्या कप्प्यात. फ्रीजर किती दिवस मिळतोय ते आइस्क्रीमवाल्या दादांना विचारून इथे लिहा, त्याप्रमाणे वितळवायचं वेळापत्रक करून देते. एका वेळी आठ-दहाहून जास्त पुस्तकं बाहेर काढायची नाहीत.